ताकदीचं इंजेक्शन घ्यायच्या आधी

प्रश्न : नमस्कार ताई. आईचं वय ५८, आम्ही पूर्ण शाकाहारी. आईला शुगर आहे, ९ वर्षांपासून मेटफॉर्मिन चालू आहे. चार-पाच महिन्यांपासून तिच्या तळपायाला मुंग्या येऊन राहिल्या, रात्री पाय जळतात, चालता चालता चप्पल पायातून निघून गेली तरी तिला समजत नाही. गल्लीतल्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला बी-१२ कमी झालं असेल, ताकदीचे १० इंजेक्शन घेऊन टाका. एक दिवसाआड कमरेत देतो, तीन झाले पण. टेस्ट काहीच केली नाही. पुढचे घ्यावे की बंद करावे?
– एक वाचक, सक्करदरा

उत्तर : तुमचं ते चप्पलचं वाक्य मी दोनदा वाचलं. आईच्या पायाची संवेदना कमी झालीय, म्हणजे ही नुसती अशक्तपणाची गोष्ट नाही, नसांची आहे. म्हणून पहिलं काम हे, की चौथं इंजेक्शन घ्यायच्या आधी, या दोन-तीन दिवसांतच, आईला एमडी मेडिसिनच्या डॉक्टरकडे न्या. पैशाची अडचण असेल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत दाखवा. आणि उलट टोकही नको बरं का, की घाबरून इंजेक्शन बंद केलं आणि महिनाभर नुसतं बसून राहिले. बी-१२ खरंच कमी असेल तर नसांना उशीर परवडत नाही.

कंपाउंडरचा अंदाज चूक असेलच असं नाही, आईच्या बाबतीत तर तो बरोबर असण्याचीच शक्यता जास्त. बी-१२ मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटण यातून, भाजी-पोळीतून जवळपास नाहीच, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या पोटात दिवसभरात दूध जातं ते फक्त चहातलं. त्यात मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की आतड्यातून बी-१२ नीट शोषलं जात नाही. पित्ताची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी रोज सकाळी उपाशीपोटी चालू असेल तर तेही एक कारण, आई घेत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. पण शुगरनेही पाय असेच जळतात, थायरॉइडनेही मुंग्या येतात, आणि दोन-दोन कारणं एकाच पायात असू शकतात, म्हणून टेस्ट लागते.

आता तीन इंजेक्शनं झालीत म्हणजे बी-१२ ची रक्ततपासणी बहुतेक भरपूर दाखवेल, आणि कोणी म्हणेल काही कमी नाही हो तुम्हाला. फसू नका. रक्त देताना आणि डॉक्टरांनाही तारखांसकट सांगा की इंजेक्शन झालेत. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी करा, त्यात लाल पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही, वाढलेला असला तर तो तीन इंजेक्शनांनी लगेच खाली येत नाही. बी-१२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन वाढतं, त्याचीही टेस्ट असते, गरज वाटली तर डॉक्टर सांगतील. एरवी इंजेक्शनाआधी केलेल्या टेस्टमध्ये बी-१२ २०० च्या खाली म्हणजे कमी, २०० ते ३०० म्हणजे काठावर, असं साधारण धरतात. मेटफॉर्मिन मात्र मनाने बंद करू नका.

दुसरं काम, कंपाउंडरकडून रिकामी काचेची कुपी मागून घ्या आणि लेबल वाचा, आई विकत आणत असेल तर बिल तपासा. त्यात एकटं मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२ चाच एक प्रकार, आहे की सोबत बी-१, बी-६ पण आहे, हे बघायचं. बी-६ जास्त दिवस जास्त प्रमाणात गेलं तर त्यानेच पायाला मुंग्या येतात, म्हणजे ज्याच्यासाठी औषध चालू केलं तेच दुखणं औषधानेच वाढायचं. बी-१ च्या इंजेक्शनने क्वचित पण जबरदस्त अ‍ॅलर्जीही येते. बी-१२ चं औषध लाल रंगाचं असतं, रुहअफजाचं पाणी असतं तसं, रंग बघून घाबरू नका. मिथाइलकोबालामिन उजेडाने खराब होतं म्हणून ती कुपी तपकिरी काचेची असते. एप्रिल-मेमध्ये आपल्या नागपुरात ४५ अंश जातं, तेव्हा स्कूटीच्या डिक्कीत ठेवून घरी आणलेली कुपी मी तरी कोणाला टोचणार नाही.

आता कमरेबद्दल. मी ३२ वर्षं स्टाफ नर्स म्हणून इंजेक्शनं दिली, पण माझ्याच मोठ्या काकूंना एका खाजगी दवाखान्यात घाईघाईत कुल्ल्याच्या खालच्या बाजूला इंजेक्शन टोचलं, सायटिक नस दुखावली आणि त्यांचं पाऊल लटकं पडलं. पाच महिने त्या पाय ओढत चालल्या, अजूनही जिना उतरताना कठडा सोडत नाहीत. कुल्ल्यात द्यायचंच तर वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यात द्यावं लागतं, पण एक मिलिलिटरचं बी-१२ दंडाच्या स्नायूत सहज जातं, तुम्ही बिनधास्त म्हणा, भाऊ, दंडात द्या. सुई-सिरिंज तुमच्या डोळ्यासमोर पाकिटातून निघाली पाहिजे. आई रक्त पातळ होण्याची गोळी घेत असेल तर आधी सांगा, स्नायूत रक्त साचतं. इंजेक्शन झाल्यावर १५-२० मिनिटं तिथेच बसा. अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला किंवा चक्कर आली तर अ‍ॅड्रिनॅलिन, म्हणजे अशा अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं औषध, देता येईल असा माणूस आणि औषध तिथे हवं. ते नसलेल्या ठिकाणी इंजेक्शन घेऊच नका, आणि असं काही झालंच तर लगेच १०८ ला फोन करा.

किती इंजेक्शनं लागतील ते डॉक्टर ठरवतील. नसांचा त्रास असला तर सुरुवातीला एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला एक, असं साधारण चालतं. रक्त खूपच कमी असेल तर पहिल्या दिवसांत पोटॅशियमवरही लक्ष ठेवतात. आणि नुसती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी स्वतःहून चालू करू नका, तिने रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसा मात्र आतून बिघडत राहतात. पुढे बऱ्याच जणांना १००० मायक्रोग्रॅमची रोजची गोळीही पुरते, कारण मोठ्या डोसमधला थोडा भाग तरी आतड्यातून आपोआप आत जातोच. रक्त काही आठवड्यांत सुधारतं, नसांना महिने लागतात, तोवर आईला घरातही चप्पल घालू द्या आणि रात्री तिचे तळपाय डोळ्यांनी बघा, जखम तिला कळणार नाही.

प्रश्न : माझं व्हिटॅमिन डी ११ आलं. मेव्हणा म्हणतो ६ लाख युनिटचं इंजेक्शन घे, महिन्याला एक, सहा महिने, हाडं लोखंडासारखी होतात. घेऊ का?
– वाचक, नंदनवन

उत्तर : नका घेऊ. ११ म्हणजे कमी आहेच, २० च्या खाली कमीच धरतात, पण साधा उपाय म्हणजे ६०,००० युनिटचं सॅशे किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, दूध किंवा जेवणासोबत, तेही डॉक्टरांनी लिहून दिलं तर. ६ लाखांचं एकच इंजेक्शन म्हणजे तशी दहा सॅशे एकदम. हे व्हिटॅमिन चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही, जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं. उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान, किडनीवर ताण, आणि ते उतरायला महिने जातात. तुम्हाला मुतखडा झालेला असेल तर मेव्हण्याच्या सल्ल्यापासून आणखीच लांब राहा.

प्रश्न : माझं लग्न दीड महिन्यावर आलं आहे. पार्लरवाल्या ताई व्हिटॅमिन सी आणि ग्लुटाथिओनची ड्रिप लावून देते म्हणते, चेहरा उजळतो म्हणे.
– वाचक, प्रतापनगर

उत्तर : बेटा, शिरेत काहीही सोडणं हे पार्लरचं काम नाही. ड्रिपमधून मोठ्या प्रमाणात व्हिटॅमिन सी गेलं तर किडनीला त्रास होऊ शकतो, आणि जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असलेल्यांच्या लाल पेशी फुटतात. ते कमी असलेल्या बऱ्याच जणांना आयुष्यभर पत्ताही नसतो. तू काही आजारी नाहीस, मग सुई कशाला? त्या पैशात सीबीसी करून हिमोग्लोबिन बघ. मुलींचं बरेचदा तेच कमी निघतं, आणि ते कमी असलं की चेहरा फिकट दिसतोच.