तीन एसी, 75 रात्री आणि मोडायला निघालेली एफडी

ताई, तुमचा मेल वाचत होतो तेव्हा अंगात स्वेटर, पायात मोजे आणि पेपरात निफाडच्या थंडीची बातमी, आणि तुम्ही विचारताय एसी घेऊ का म्हणून! पण हसत नाहीये मी, उलट वेळ एकदम बरोबर साधलीत. एप्रिलमध्ये विचारलं असतंत तर तोवर घामाने निर्णय घेऊन टाकला असता आणि फिटिंगवाला चार-चार दिवस फोन उचलत नसता.

तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाशिकला पाथर्डी फाट्याला सगळ्यात वरच्या मजल्यावर टू बीएचके, पश्चिमेची भिंत, घरात तुम्ही दोघं, सासूबाई 74 वर्षांच्या बीपीवाल्या, आणि मुलगा पुढच्या वर्षी दहावीला. दुकानदाराने तीन एसीचं कोटेशन दिलंय, दोन बेडरूम आणि हॉल, फाइव्ह स्टार दीड टनाचे, 43 हजाराला एक, वर स्टँड, जादा कॉपर पाइप, स्टॅबिलायझर, वायरिंग धरून 26 हजार, म्हणजे 1 लाख 55 हजार. आणि हे पैसे 2 लाख 10 हजाराची एफडी मोडून द्यायचेत. मिस्टरांचं म्हणणं, नाशिक आता पूर्वीचं राहिलं नाही, शिवाय कुंभमेळ्याला पाहुणे येणार.

आधी कुंभमेळ्याचं मिटवू. मोठी स्नानं 2027च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत हो! भर पावसाळ्यात. तेव्हा पाहुण्यांना एसी नाही, टॉवेल वाळवायला जागा लागेल. त्यासाठी हॉलमध्ये 43 हजार घालू नका.

नाशिक पूर्वीचं राहिलं नाही हे मात्र खरंय. आमच्या लहानपणी मे महिन्यात गच्चीवर झोपायचो आणि पहाटे गोधडी ओढायला लागायची, आता एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि वरच्या मजल्याचा तर प्रॉब्लेमच वेगळा, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत राहतो, बाहेर गार वारा आणि आत भट्टी. म्हणजे तुमची गरज खोटी नाही, पण ती किती दिवसांची आहे ते मोजलंत का? मार्चच्या शेवटापासून पाऊस लागेपर्यंत, मधल्या वळवाच्या गार रात्री सोडून, मी 75 रात्री धरतो. आठ तासाने 600 तास. बास.

आता एसीवरचा तो स्टारचा स्टिकर बघा, त्यावर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात ते 1600 तास धरून काढलेले असतात. फाइव्ह स्टारला समजा 800 युनिट आणि थ्री स्टारला 1050, तर 1600 तासाला फरक अडीचशे युनिटचा. युनिटला सगळे आकार आणि वीज शुल्क धरून 16 रुपये पकडू (जरा जास्तच पकडलेत मुद्दाम), वर्षाला 4 हजार वाचले, म्हणजे फाइव्ह स्टारचे जादा 9 हजार सव्वादोन वर्षांत वसूल, आणि दुकानदार हेच सांगतो. पण 1600 तास वापरणारा माणूस चेन्नईत राहतो, पाथर्डी फाट्याला नाही. तुमच्या 600 तासात फरक पडतो 94 युनिटचा, म्हणजे दीड हजार रुपये, आणि तेच 9 हजार वसूल व्हायला सहा वर्षं. वाईट नाही, पण घाई करण्यासारखंही नाही. मी तुमच्या जागी थ्री स्टार घेईन. आणि हो, 1 जानेवारी 2026 पासून स्टारचे नियम कडक झालेत, त्यामुळे जुन्या आणि नव्या लेबलचे स्टार एकमेकांशी ताडून बघू नका, युनिटचा आकडा वाचा.

टनाच्या बाबतीत दुकानदार बरोबर आहे बरं का. दहा बाय बाराच्या खोलीला एरवी एक टन पुरतो, पण वरचा मजला आणि पश्चिमेची भिंत म्हटल्यावर दीडच घ्या, नाहीतर बिचारा रात्रभर धापा टाकेल.

माझं मत सरळ सांगतो, एकच एसी घ्या आणि तो सासूबाईंच्या खोलीत बसवा. मुलाचं टेबल तिथेच हलवा, आणि फारच उकडलं तर तुम्ही दोघंही गादी टाकून तिथेच झोपा, सगळ्यांनी लहानपणी मामाकडे तेच केलंय. 34 हजाराचा थ्री स्टार, साडेनऊ हजार फिटिंग, 43,500 झाले. दहा वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला 4,350, वीज 394 युनिटची 6,300, सर्व्हिसिंग 1,200, सगळं मिळून 11,850. भागिले 75. रात्रीला 158 रुपये. कोटेशनमधल्या तीन फाइव्ह स्टार एसींचं असंच गणित मांडलं, तिन्ही रोज चालले असं धरून, तर रात्रीला 447 येतात. आता 158 तुम्हाला जड नाहीत, आजींच्या बीपीसाठी तर मुळीच नाहीत, पण 447 रुपये रोज देऊन झोपायचं का, हे एकदा मिस्टरांना मोठ्याने विचारा.

विजेच्या बिलात अजून एक गंमत आहे. महावितरणचे घरगुती दराचे टप्पे, म्हणजे बिलाचे स्लॅब, महिन्याला 100, 300 आणि 500 युनिटला बदलतात, पुढचा स्लॅब लागला की सगळं बिल महाग होतं असा खूप जणांचा गैरसमज आहे, तसं नाही, वरचे युनिट तेवढे वरच्या दराने लागतात. तुमचा एरवीचा वापर 180 युनिट म्हणालात. एक एसी महिन्याला साधारण 157 घालेल, म्हणजे 300 च्या थोडं पुढे, चालतंय. तीन फाइव्ह स्टार एसी 360 घालतील आणि तुम्ही 500 च्या वर, जिथे प्रत्येक युनिट सगळ्यात महाग. एसी 24-25 वर ठेवा आणि पंखा चालू ठेवा, 18 वर लावून दुलई घेणारे लोक मी क्लायंट म्हणून घेत नाही (घेतो, पण बडबड करतो).

हॉलला कूलर. नाशिकचा एप्रिल-मे कोरडा असतो आणि कोरड्या हवेत कूलर झकास चालतो, फक्त खिडकी उघडी पाहिजे, दार-खिडक्या लावून कूलर लावला की खोलीची आंघोळीची मोरी होते. जूनमध्ये हवा दमट झाली की तो बंद करून झाकून ठेवायचा. आणि सोसायटीच्या कमिटीला विचारून तुमच्या फ्लॅटवरच्या गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मारून घ्या, दुखणं छताच्या स्लॅबमध्ये आहे तर औषध तिथे लावायला नको का? खरं म्हणजे हे पहिलं करा, एसी नंतर.

हॉट अँड कोल्डचे, म्हणजे थंडीत ऊबही देणाऱ्या एसीचे, दुकानदाराने एका एसीमागे 7 हजार जादा सांगितलेत. मशीन चांगलं असतं, साध्या हीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात तेवढीच ऊब देतं. पण तुम्ही हीटर लावता वर्षात महिनाभर, रोज दोन तास, 120 युनिट. त्यातले 80 वाचले, थंडीत तुम्ही खालच्या स्लॅबमध्ये असता म्हणून 12 च्या दराने 960 रुपये. सात वर्षांहून जास्त लागतील वसूल व्हायला. आजींचे गुडघे थंडीत फारच धरत असतील तर घ्या, तो हिशोब पैशाचा नाही, नाहीतर सोडा.

आता एफडी. इथे मी जरा कडक बोलणार आहे. घरखर्च 46 हजार, नोकरी एकट्याची, तीही अंबडला खाजगी कंपनीत. सहा महिन्यांचे 2 लाख 76 हजार बाजूला पाहिजेत, तुमच्याकडे एफडी आणि बचत खातं मिळून 2 लाख 55 हजार आहेत, म्हणजे आधीच थोडे कमी. त्यातून दीड लाख काढले तर उरले दोन महिने. आणि मुदतीआधी मोडली की बँक व्याज कापणार ते वेगळंच. ती एफडी तुमची नाही असं समजा, ती कंपनीने एखाद्या दिवशी घरी बसवलं तर त्या दिवसाची आहे.

मग पैसे कुठून? फेब्रुवारीत मिस्टरांचा 50 हजाराचा इन्सेन्टिव्ह येतोय आणि तो मे महिन्यातल्या महाबळेश्वर ट्रिपला ठेवलाय असं तुम्हीच शेवटी लिहिलंय. चार दिवस गारवा की 75 रात्री, ते घरात ठरवा, मी त्यात पडत नाही. ट्रिप हवीच असेल तर एसी एक वर्ष पुढे ढकला, यंदा रंग आणि कूलरवर काढा, जमतं. नो कॉस्ट ईएमआय म्हणतील, तर आधी रोखीचा भाव विचारा, तुमच्या कोटेशनवरच रोखीला 2 हजार कमी लिहिलेत, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी. जीएसटी 28 वरून 18 झालाय 22 सप्टेंबर 2025 पासून, म्हणजे 40 हजाराचा एसी 36,875 ला यायला हवा, हा कायद्याने आलेला फरक आहे, दुकानदाराने दिलेली सूट नाही, तेव्हा त्याच्या पलीकडे घासाघीस करा.

फिटिंगचे साडेनऊ हजार लेखी घ्या, त्यात किती मीटर कॉपर पाइप, स्टँड, भिंतीला कोअर कटिंग (पाइपसाठी भोक) आणि डीबीपासून (घरातल्या विजेच्या मुख्य बोर्डापासून) वेगळी लाइन, वेगळी एमसीबी (आपोआप पडणारा स्विच), सगळं आलं पाहिजे. तुमची बिल्डिंग 2008 ची, अर्थिंग आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. माझ्या घरी फिटिंगवाल्याने पाण्याच्या पाइपला उतारच दिला नव्हता, पहिल्याच मे महिन्यात कपाटामागे भिंत ओली, आणि कपाटात लग्नाचा अल्बम. तेव्हा तो जायच्या आधी लेव्हल लावून उतार दाखवायला सांगा, आणि तांब्याभर पाणी एसीतल्या पाण्याच्या ट्रेमध्ये ओतून ते बाहेर पडतंय का बघा, मगच उरलेले पैसे द्या.