घरच्या कॉम्प्युटरवर चालणारी डीव्हीडी दुसरीकडे रिकामी का दिसते?

तुम्ही लिहिलंय की नौपाड्यातल्या सोसायटीचे जुने मंजूर नकाशे आणि कागदपत्रं स्कॅन करून डीव्हीडीवर टाकलीत. घरच्या कॉम्प्युटरवर ती नीट उघडते, वाशीच्या आर्किटेक्टकडे 'ब्लँक डिस्क' दाखवते आणि सेक्रेटरींच्या लॅपटॉपला लावलेल्या बाहेरच्या ड्राइव्हवर नुसती फिरत राहते. आता ती टाकून देऊन नवी मारायचा तुमचा विचार आहे. कृपा करून टाकू नका. जिथे ती उघडते त्या मशीनवर आधी सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. स्कॅनच्या मूळ फाइली कुठे राहिल्या नसतील तर हे आजच करा.

मी ठाण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. 'रिकामी दिसते' आणि 'फिरत राहते' ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांची कारणंही बहुतेकदा वेगळी निघतात.

'रिकामी' म्हणजे बहुधा सेशन, म्हणजे डिस्कवर एका खेपेला केलेलं लिखाण, बंद केलेलं नाही. डिस्कवर काय कुठे आहे याची पक्की नोंद तिच्या आतल्या कडेला, लीड-इन नावाच्या भागात असते आणि ती सेशन बंद करतानाच लिहिली जाते. तोवर असतात त्या कच्च्या नोंदी. ज्या ड्राइव्हने डिस्क लिहिली, तो त्या कच्च्या नोंदींवर काम भागवतो, म्हणून तुमच्याकडे सगळं दिसतं. दुसरा ड्राइव्ह पक्की नोंद शोधतो, ती सापडली नाही की डिस्क कोरी असल्याचं सांगून मोकळा होतो. त्यामुळे लिहिली त्याच मशीनवर डिस्क उघडली, याचा पुरावा म्हणून काही उपयोग नाही.

डेटा खरंच आहे का हे डोळ्यांनीही कळतं. डिस्क उलटी करून ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. मधल्या भोकाकडून बाहेर जाणारा एक पट्टा थोड्या वेगळ्या छटेचा दिसेल, आणि तो संपतो तिथे स्पष्ट गोल रेघ असेल. तो पट्टा म्हणजे लिहिलेला भाग. पट्टा आहे आणि तरी आर्किटेक्टचं मशीन रिकामी म्हणतंय, तर डेटा जागेवर आहे, फक्त डिस्क बंद व्हायची राहिली आहे.

बंद करणं सोपं आहे. ज्या मशीनवर लिहिली तिथेच डिस्क घाला, 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करा आणि 'क्लोज सेशन' दिसलं तर ते निवडा. ते दिसत नसेल तर इम्गबर्न हा फुकट प्रोग्राम टाका. तो उजव्या बाजूला डिस्कची अवस्था लिहून दाखवतो. 'कम्प्लीट' असेल तर डिस्क बंद आहे, 'अपेंडेबल' असेल तर अजून उघडी आहे.

हा घोळ मुळात होतो तो विंडोजच्या एका प्रश्नामुळे. कोरी डिस्क घातली की व्हिस्टापासून पुढचं विंडोज विचारतं, ही डिस्क यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. पहिला पर्याय सोयीचा वाटतो, फाइली ओढून टाकल्या की झालं. पण ही पद्धत मुख्यतः आपल्याच कॉम्प्युटरवर वापरायच्या डिस्कसाठी आहे. जी डिस्क दुसऱ्याच्या हातात द्यायची आहे, तिच्यासाठी कायम दुसरा पर्याय घ्या. त्यात सगळ्या फाइली एकदम लिहिल्या जातात आणि शेवटी डिस्क बंद होते.

आता सेक्रेटरींचा लॅपटॉप. बाहेरचा चपटा ड्राइव्ह यूएसबीवरूनच वीज घेतो. साध्या यूएसबी २.० पोर्टची हमी ५०० मिलीअँपिअरची, आणि डिस्क फिरवायला सुरुवात करताना काही ड्राइव्हना त्याहून जास्त लागतं. मध्ये हब (एका पोर्टला अनेक यूएसबी जोडायचा डबा) असेल तर काढा, लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टमध्ये थेट लावून बघा. मग दुकानातून आणलेली सिनेमाची छापील डीव्हीडी त्यात घाला. तीही उचलली नाही तर दोष ड्राइव्हचा. सीडी चालते म्हणून ड्राइव्ह चांगला, असं धरू नका. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो आणि डीव्हीडीसाठी ६५० चा. एक थकला तरी दुसरा चालू राहतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने न वापरलेल्या ड्राइव्हच्या लेन्सवर दमट हवेचा थरही बसतो.

छापील डिस्क चालली आणि तुमची नाही, तर तुमच्या डिस्ककडे बघावं लागेल. री-रायटेबल, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी, असेल तर तिथेच संशय घ्या. ती लेसरचा प्रकाश फार कमी परत पाठवते. सीडीचंच बोलायचं तर एकदाच लिहिता येणारी ६५ टक्क्यांच्या वर, री-रायटेबल जेमतेम १५ ते २५. जुन्या ड्राइव्हला तेवढ्यात वाचणं जमत नाही. डिस्कवर कागदी लेबल चिकटवलं असेल तर तोल जाऊन ती थरथरते. सोसायटीचं नाव मऊ टोकाच्या सीडी मार्करने लिहा, बॉलपेनने कधीच नको. सीडीमध्ये तर डेटाचा थर लेबलच्या बाजूच्या पातळ लेपाखालीच असतो.

एक तिसरा प्रकारही आर्किटेक्टकडे होऊ शकतो. डिस्क वाचली जाते, पण फाइल उघडत नाही. ऐरोलीच्या एका काकांनी एमआरआयची सीडी 'खराब' म्हणून आणली होती. आत डायकॉमच्या, म्हणजे एमआरआयची चित्रं ज्या प्रकारात साठवतात त्या, फाइली अगदी शाबूत होत्या, सोबत दिलेला बघायचा प्रोग्राम तेवढा त्यांच्या कॉम्प्युटरवर चालत नव्हता. म्हणून नकाशे ऑटोकॅडच्या (नकाशे काढायच्या प्रोग्रामच्या) फाइलींत असतील तर सोबत पीडीएफमध्येही टाका.

नवी डिस्क मारताना चांगल्या कंपनीची, एकदाच लिहिता येणारी घ्या. लिहिण्याचा वेग 'एक्स'मध्ये छापलेला असतो, १६ एक्सची असेल तर ८ एक्सने लिहा. ४.७ जीबी छापलेली डिस्क विंडोजला ४.३८ च्या आसपासच दिसते, तीही काठोकाठ भरू नका. लिहिणं आतून बाहेर जातं आणि सगळ्यात जास्त चुका बाहेरच्या कडेला होतात, त्यामुळे थोडी जागा मोकळी राहिलेली बरी. इम्गबर्नमध्ये 'व्हेरिफाय'वर (लिहिलेलं परत वाचून ताडण्यावर) खूण ठेवा, आणि देण्याआधी दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर दोन-चार मोठ्या फाइली उघडून बघा. नुसती यादी दिसली म्हणजे वाचली असं नाही.

आणि कॉपी करतानाच मध्ये कुठे एरर आली, तर पुन्हा पुन्हा कॉपी मारत बसू नका. डिस्क मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. मग लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कमधून जमेल तेवढं वाचून काढणारा प्रोग्राम वापरून पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे एकाच फाइलीत हुबेहूब नक्कल, घ्या. जे भाग एका ड्राइव्हला वाचता आले नाहीत, तेवढेच दुसऱ्या ड्राइव्हवर, काय वाचलं आणि काय राहिलं याची त्याने ठेवलेली आधीचीच नोंदफाइल देऊन, पुन्हा वाचून घेता येतात. एकाला न जमलेला तुकडा दुसऱ्याला बऱ्याचदा जमतो.

तोवर आर्किटेक्टचं काम अडत असेल तर त्यांना पेन ड्राइव्हवर फाइली देऊन टाका. इम्गबर्नने डिस्कची अवस्था काय दाखवली आणि डिस्कवर 'आर' छापलंय की 'आरडब्ल्यू', हे कळवा, पुढचं सांगतो.