आमदारांनी विचारलं, मंत्री म्हणाले ‘हे अंशतः खरे आहे’ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात अधिवेशनावर चार ओळी काय लिहिल्या, किनारपट्टीवरून पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज सुरूच झाले. त्यातले काही इथे घेतोय. नावं मुद्दाम काढलीयत, गावात उगाच चर्चा नको.

प्रश्न (देवगड) : आमच्या आमदारान विधानसभेत एलईडीच्या मासेमारीचो प्रश्न घातल्यान. मंत्र्यान लेखी उत्तर दिल्यान, ‘हे अंशतः खरे आहे.’ म्हणजे खरा काय खोटा? अर्धा खरा असता काय?

उत्तर : असतं हो दादा, विधिमंडळात तर रोज असतं. आपल्याकडचा तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यावर सभागृहात तोंडी उपप्रश्न विचारता येतात तो, ठरलेल्या साच्यातला असतो. आधी ‘अमुक अमुक, हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. आता त्या पहिल्याच भागात आपण सगळं कोंबतो, म्हणजे एलईडी लावून (रात्री प्रखर दिव्यांनी मासे ओढून) मासेमारी चालते, बंदी असून चालते, परराज्यातल्या बोटीही येतात, अधिकारी डोळेझाक करतात, पारंपरिक मच्छीमार उपाशी मरतोय, हे सगळं एका दमात. खात्याला यातली एक गोष्ट नाकारली तरी पुरतं. अधिकारी डोळेझाक करतात हे कुठलं खातं स्वतःच्या सहीने लिहून देईल? मग चार खऱ्या, एक नाही, झालं अंशतः खरं. आणि त्याच्या खाली ‘कार्यवाही सुरू आहे’ आलं की पुढचे भाग ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणून मिटतात.

माझं स्पष्ट मत आहे की ‘हे खरे आहे काय’ विचारणं म्हणजे मंत्र्याला पळायला दार उघडून देणं. आकडा विचारा. जानेवारी ते मे मध्ये सिंधुदुर्गात एलईडीच्या किती नौका पकडल्या, दंड किती लावला, त्यातला वसूल किती झाला, गस्तीनौका किती दिवस समुद्रात होती आणि किती दिवस धक्क्याला बांधून होती. याला अंशतः खरे आहे असं उत्तर देताच येत नाही, एक तर आकडा द्यावा लागतो नाहीतर माहिती गोळा करतोय असं कबूल करावं लागतं. अजून एक, किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याचा, पुढचा केंद्राचा. एलईडीवर केंद्राची बंदी २०१७ पासून आहे. राज्याचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा, तो २०२१ मध्ये सुधारला आणि दंडाची प्रकरणं तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्तांकडे आली, म्हणजे आता ‘महसूल विभागाकडे प्रलंबित’ ही सबब राहिली नाही. पण हद्दीची वाटणी अशी आहे, म्हणून बोट कुठे दिसली, किती वाव खोल पाण्यात, किती मैलावर, हे प्रश्नात आलं नाही तर ‘सदर बाब राज्याच्या हद्दीबाहेरील आहे’ हे वाक्य तयारच असतं.

प्रश्न (गुहागर) : मी कॉलेजात आहे. प्रश्नोत्तराचा तास मोबाईलवर लाईव्ह बघितला, निम्मा वेळ गोंधळ, मंत्री उत्तर वाचून पण दाखवत नाहीत. मग उपयोग काय? आणि तारांकित अतारांकित म्हणजे काय?

उत्तर : वाचून दाखवत नाहीत कारण तारांकित प्रश्नाचं उत्तर आधीच छापून सदस्यांच्या हातात गेलेलं असतं. खरी मजा उपप्रश्नात. आमदार उठून विचारतो, साहेब छापील उत्तरात तुम्ही म्हणता काम ८० टक्के झालं, मग ठेकेदाराला १०० टक्के बिल कसं दिलं? आता मंत्री फाईलीत बघणार, अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी येणार, आणि तेवढ्यात समोरून आरडाओरडा, ‘प्रश्न राखून ठेवा, प्रश्न राखून ठेवा’. अध्यक्षांनी राखून ठेवला तर मंत्र्याला पुन्हा तयारी करून यावं लागतं. अतारांकितला फक्त लेखी उत्तर, त्यावर उपप्रश्न नाही. लोकसभेत रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित लागतात, त्या विसातले मोजकेच तोंडी चर्चेला येतात, बाकीच्यांची उत्तरं नुसती पटलावर. आपल्या विधानसभेत एकेका प्रश्नावर दहा-पंधरा आमदारांची नावं बघशील, तेही यासाठीच, ज्याचा नंबर लागेल तो उठेल.

तू गुहागरचा म्हणून सांगतो, तुझ्या तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले कायदेमंडळात गेले तेव्हा प्रश्न विचारता यायचा पण उपप्रश्न विचारता यायचा नाही. प्रश्नाचा हक्क १८९२ च्या कायद्याने आला, उपप्रश्नाचा १९०९ नंतर, तोही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्याला. म्हणजे सरकार जे उत्तर फेकेल ते घ्यायचं आणि खाली बसायचं. गोंधळात वाया जातो तो हाच उपप्रश्नाचा हक्क, म्हणून मला त्या गोंधळाचा जास्त राग येतो. आणि उपयोग म्हणशील तर १९५७ ची लोकसभा बघ. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंदडाच्या कंपन्यांचे शेअर का घेतले हा साधा प्रश्न होता, उत्तर गुळमुळीत आलं, फिरोज गांधींनी ते सोडलं नाही, न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावं लागलं. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते, हेही लक्षात ठेव.

प्रश्न (सिंधुदुर्ग, गाव देऊ नका) : मंत्र्यांनी सभागृहात सांगितलं की आमच्या ग्रामीण रुग्णालयात तीन महिन्यांत भूलतज्ज्ञ देऊ. पेपरात फोटोसकट बातमी आली, बॅनर लागले. माझ्या भावजयीला परवा रात्री सिझरसाठी गोव्यात बांबोळीला न्यावं लागलं. आता कोणाला विचारायचं?

उत्तर : ताई, आधी भावजय आणि बाळ बरी असतील अशी आशा. आता कामाचं. पेपरातली बातमी बाजूला ठेवा आणि सभागृहाच्या कार्यवाहीत, म्हणजे तिथे बोललेल्याच्या अधिकृत नोंदीत, मंत्री नेमकं काय बोलले ते काढा. ‘पद तीन महिन्यांत भरू’ म्हणाले असतील तर ते आश्वासन. ‘भरण्याबाबत प्रयत्न करू’, ‘तपासून घेऊ’ किंवा सगळ्यात लाडकं वाक्य, ‘माझ्या दालनात बैठक लावू’, असं असेल तर हातात फार काही नाही. दालनात बैठक म्हणजे सभागृहातला विषय चहाबिस्किटांवर नेणं, आमदारही खूश, मंत्रीही खूश, आणि नोंदीत काहीच येत नाही.

पक्कं आश्वासन असेल तर त्यासाठी विधिमंडळाची वेगळी आश्वासन समितीच असते, लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे आणि तिथे आश्वासन पुरं करायला तीन महिन्यांची मुदत धरतात. समितीत आमदारच असतात, ते खात्याच्या सचिवाला साक्षीला बोलवून विचारू शकतात की मंत्री बोलले त्याचं काय झालं. समिती कोणाला सस्पेंड करत नाही, अहवाल देते, आणि ती संथ आहे, हे खोटं कशाला सांगू. पण सचिवाला उत्तर द्यायचंय म्हटलं की खालची फाईल हलते. तुमच्या आमदाराला तारीख आणि कार्यवाहीतला उतारा द्या आणि म्हणा, समितीकडे पाठवा आणि पुढच्या अधिवेशनात तेच आश्वासन पकडून प्रश्न टाका. सोबत माहितीच्या अधिकारात मंजूर पदं किती, भरलेली किती, भूलतज्ज्ञाची ऑर्डर निघाली का आणि निघूनही हजर झाला नाही का, हे मागवा. बऱ्याचदा ऑर्डर निघालेली असते, डॉक्टर येतच नाही, आणि मंत्री सभागृहात खरं बोलतात की ‘नियुक्ती देण्यात आली आहे’. प्राथमिक आरोग्य केंद्र असतं तर जिल्हा परिषदेकडे जायला सांगितलं असतं, ग्रामीण रुग्णालय मात्र थेट राज्याच्या आरोग्य खात्याचं.

प्रश्न (राजापूर) : आमदार म्हणतात कोकण रेल्वेचा थांबा मिळवण्यासाठी विधानसभेत आवाज उठवणार. उठेल का?

उत्तर : आवाज उठेल, गाडी थांबणार नाही. रेल्वे केंद्राची, उत्तर देणारा मंत्री दिल्लीत, तेव्हा खासदाराला धरा. तुमच्या जुन्या राजापूर मतदारसंघातून बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर १९७१ पासून सलग पाच वेळा मधु दंडवते लोकसभेत गेले, रेल्वेची मागणी तिथेच लावून धरली गेली. मुंबई-गोवा हायवेचा गुंता अजून भारी. रस्ता राष्ट्रीय, पनवेल ते रायगडातलं इंदापूर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि पुढे सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंत काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यामार्फत, त्यामुळे मुंबईत विचारलं की दिल्ली आणि दिल्लीत विचारलं की मुंबई. कुठला किलोमीटर ते आधी ठरवा, मग कोणाला विचारायचं ते.

प्रश्न (अलिबाग) : सत्तेतले आमदार आपल्याच सरकारला प्रश्न विचारतात ते फिक्सिंग असतं का?

उत्तर : काही वेळा असतं, मंत्र्याला घोषणा करायला जागा हवी असते. बाकी वेळा मतदारसंघात लोक शिव्या घालतात म्हणून विचारतात, ते चांगलंच. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल २००५ मध्ये संसदेतून ११ खासदारांना काढलं होतं, त्यापुढे हे फिक्सिंग म्हणजे काहीच नाही.

प्रश्न (श्रीवर्धन) : मला स्वतःला प्रश्न विचारता येतो का? नागपूरच्या अधिवेशनासाठी कागद कधी द्यायचा?

उत्तर : स्वतः नाही, आमदारामार्फतच. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात आणि तारांकित प्रश्न बरेच आधी द्यावे लागतात, अधिवेशन सुरू झाल्यावर फक्त लक्षवेधीची (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या सूचनेची) वगैरे धावपळ उरते. गणपतीत आमदार घरोघर दर्शनाला येतात तेव्हा देऊ नका, कागद आरतीच्या ताटाखाली जातो. दसऱ्याच्या आसपास ऑफिसात जा, एकच पान, त्यावर तारखा, गट नंबर, आधी केलेल्या अर्जांच्या पोचपावत्यांच्या झेरॉक्स, आणि तीन नेमके आकड्यांचे प्रश्न तुमच्याच शब्दांत. आणि तो पीएच्या हातात द्या, प्रश्न टाईप तोच करतो.