घरपट्टी भरूनही ग्रामपंचायत शेतीसाठी खर्च का करत नाही?

प्रश्न असा आहे की, "आम्ही घरपट्टी भरतो, पण पंचायत शेतीसाठी रुपया खर्चत नाही, मग भरायची कशाला?" मी पाच वर्षं सदस्य होते. हाच प्रश्न भर ग्रामसभेत मला माझ्याच घरच्या माणसाने विचारला होता, म्हणून लिहितेय.

शेतजमिनीवर पंचायत घरपट्टी लावत नाही. शेतसारा तलाठ्याकडे जातो. फवारणी पंप, ताडपत्री, पाइप यांचं अनुदान जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून मिळतं, त्यासाठी अर्ज कृषी विभागात करायचा. केंद्राकडून पंचायतीला येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला 2021 पासून 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, उरलेला 40 टक्केही आराखड्यात बसवूनच खर्च करायचा. मोकळ्या हाताने खर्चायचा तो स्वनिधी, म्हणजे मुख्यतः घरपट्टीच. त्यातूनही 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढावे लागतात. मग शिपायाचा पगार, दिवाबत्ती, पाण्याच्या मोटारीची दुरुस्ती. शेतीच्या वाट्याला येतं ते यातून उरलेलं.

आमच्याकडे ओढ्यापासून वरच्या मळ्यापर्यंत पाणंद, म्हणजे शेतात जायची वाट आहे. दोन्ही बाजूंनी बाभळी आत आलेल्या, मधे काळी माती. आदल्या हंगामात अवकाळी पाऊस झाला आणि उसाचा ट्रॅक्टर आसापर्यंत रुतला. तोडलेला ऊस फडात वाळत होता आणि आम्ही बायामाणसांनी मोळ्या डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणल्या. त्यानंतरच्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत माझे चुलत दीर उठले आणि म्हणाले, "वहिनी, पाणंद होईपर्यंत आमच्या भावकीतली एकही घरपट्टी मिळणार नाही." टाळ्या पडल्या. मला तिथे काही बोलता आलं नाही, कारण मोळ्या वाहताना ते माझ्या पुढेच चालत होते आणि त्यांचं दुखणं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकांकडून नमुना 9, म्हणजे कर मागणीची नोंदवही घेतली आणि कचेरीत बसून मागील बाकीचा रकाना पानापानाने बेरजेला धरला. मागणीच्या निम्मीही वसुली नव्हती. दिरांच्या नावापुढे सहा वर्षांची बाकी. पाणंदीचा विषय दोन वर्षांचा होता. त्याआधीची चार वर्षं कशासाठी थकवली होती? हे मी त्यांना त्यांच्या ओसरीवर विचारलं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. तरी माझं मत बदललेलं नाही: पाणंदीसाठी घरपट्टी अडवणं म्हणजे पाणंदीचाच मुरूम अडवणं. मी सदस्य असून थकवली असती, तर कायद्याने माझं पदच गेलं असतं. मग ज्यांना पद नाही त्यांना सूट कशाची?

तुमच्या गावचं मला माहीत नाही. पैसे खरंच खाल्ले जात असतील तर गप्प बसा असं मी म्हणणार नाही. नमुना 1 म्हणजे अंदाजपत्रक, ते मागा, स्वनिधी किती आला आणि कुठे गेला ते ग्रामसभेत वाचायला लावा, नाही दाखवलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. पण हे पावती हातात ठेवून करा, नाहीतर पहिलं उत्तर तुमच्या बाकीचंच मिळेल. आणि पाणंदीसाठी नुसत्या स्वनिधीवर राहू नका. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना 2021 मध्ये आली ती याच कामासाठी. तिच्यात आधी अतिक्रमण निघावं लागतं, आणि ते काढायचं असतं आपल्याच बांधावरच्या माणसांनी.

आमच्या पाणंदीवर त्या वर्षीच्या वसुलीतून ओढ्यापासून निम्म्यापर्यंत मुरूम पडला. पुढच्या तुकड्यात दिरांच्या बाभळी आहेत.