धाव आणि विश्वास : सुरुवात करताना

ख्रिस्ती विश्वासात नवे असताना शास्त्रवाचन आणि उपवास यांची सुरुवात कशी करावी, असे तुम्ही विचारलेत म्हणून सुरुवातीच्या दोनच गोष्टी सांगतो. बडोद्याच्या कमाटीबागेत पहाटे नवखा धावपटू पहिल्याच फेरीत सगळा जोर संपवतो आणि तिसऱ्या फेरीला गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो; नवा विश्वासीही आठवड्यात अख्खे शुभवर्तमान वाचतो आणि मग महिनाभर पवित्र शास्त्र उघडत नाही. रोज दहाच वचने वाचा, आणि खाडा झालाच तर खंत करत न बसता दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. दुसरे, एकटे धावू नका. मंडळीतील, म्हणजे आपल्या चर्चमधील, कोणी अनुभवी सोबतीला घ्या.

स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल यांनी रविवार पाळण्यासाठी 100 मीटर सोडून 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 400 मीटरचे सुवर्णपदक जिंकले, पण मला त्यानंतरची त्यांची चीनमधील दीर्घ मिशनरी सेवाच अधिक बळ देते. विश्वासाला धावेची उपमा देणारा, नव्या करारातील इब्री लोकांस पत्राचा 12 वा अध्याय आजच वाचा; उपवासाचे पुढे पाहू.