छापखान्याआधीचे प्रश्न

प्रश्न : कथासंग्रहाची डेमी आकारात १६५ पृष्ठे भरली. मुद्रक म्हणतात, १६० करा, नाहीतर १७६ चे पैसे पडतील. पाच पृष्ठांनी एवढा फरक कसा?

उत्तर : छपाईचा हिशोब पृष्ठांवर नाही, फॉर्म्यांवर (एकत्र छापून घडी घातलेल्या पृष्ठांच्या संचांवर) चालतो. डेमी १/८ मध्ये एक फॉर्मा १६ पृष्ठांचा. तुमचे दहा फॉर्मे होऊन पाच पृष्ठे उरतात आणि तेवढ्यासाठी अकराव्या फॉर्म्याच्या प्लेटा, छपाई, घडी हे सगळं आलंच. २३×३६ इंची तावात दोन फॉर्मे बसतात. म्हणजे ५०० प्रतींच्या दहा फॉर्म्यांना २५०० ताव, पाच रीम. अकराव्याला आणखी अर्धं रीम. वाया जाणारा कागद वेगळा धरा. अर्धा फॉर्मा जोडून १६८ पृष्ठे जमतील का, हेही विचारा.

पण आधी १६० चाच प्रयत्न करावा. प्रत्येक कथा उजव्या पृष्ठावर सुरू करण्याचा हट्ट सोडला, की डावीकडची कोरी पृष्ठे वाचतात. तरी उरलं, तर दर पृष्ठाला एक ओळ वाढवा. अक्षर मात्र लहान करू नका; मराठीत वेलांट्या-मात्रा मग नीट दिसत नाहीत.

प्रश्न : श्रीलिपी या जुन्या फाँट-पद्धतीतला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला. प्रुफात ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ झालंय. सगळीकडे एकदम बदलू का?

उत्तर : मुळीच नको! ‘र्या’ सरसकट बदललात तर ‘सूर्या’चा ‘सूऱ्या’ होईल. बदलून आलेल्या युनिकोड मजकुरात हा अर्धा र बहुधा एका अदृश्य जोडचिन्हाने साधलेला असतो. कॉपी-पेस्ट करताना काही सॉफ्टवेअर ते चिन्ह गाळतात आणि उरतो साधा रफार. ‘र्या’ आणि ‘र्ह’ शोधा आणि एकेक जागा पाहून ठरवा : आचार्यांना, कार्यात बरोबर, वार्यावर, कुर्हाड, तर्हा चूक. दुरुस्ती करताना नुक्त्याचा ऱ वापरा, त्याला त्या अदृश्य चिन्हाची गरज नसते.

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जात असेल, तर परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ हा पर्याय लावलेला नाही. भाषा ‘मराठी’ निवडा. फाँटमध्ये सोय असेल तर देठाचा श आणि पाकळीचा ल आपोआप येतात. मुद्रकाला मूळ फाइल देऊ नका. त्यांच्याकडे तो फाँट नसला की ओळी सरकतात. फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्या आणि शेवटचं प्रूफ कागदावरच वाचा.

प्रश्न : आयएसबीएनसाठी (पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी) एजंट पैसे मागतोय.

उत्तर : देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, शुल्क नाही. पुठ्ठा बांधणी आणि पेपरबॅक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात.

प्रश्न : पुस्तक उघडलं की कडक वाटतं, पानं सुटतात आणि कण्यावर मुखपृष्ठाला चिरा पडतात.

उत्तर : पहिल्या दोन तक्रारींत आधी कागदाच्या तंतूंची दिशा तपासा. ते कण्याला समांतर हवेत. २३×३६ च्या तावात डेमी पुस्तकाची उंची ३६ च्या बाजूने येते, म्हणून तंतूही त्याच बाजूने गेलेला कागद मागा. ओळखायला सोपं : ताव फाडून पाहा, तंतूंच्या दिशेने तो सरळ फाटतो. आतली पानं आर्टपेपरची (गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदाची) असतील तर नुसता गोंद धरत नाही, शिलाईच हवी. चिरांचं कारण निराळं. जाड आर्टकार्डला लॅमिनेशननंतर क्रीझिंग (घडीच्या जागी दाबून रेघ पाडणं) न करता दुमडलं, की कडेला थर तडकतो.