व्याख्या पाठ आहेत, पण अलंकार ओळखता येत नाही

पाचवी-सहावीतल्या मुलांचे पालक माझ्याकडे एक काळजी वारंवार घेऊन येतात. मुलाला उपमा, रूपक, उत्प्रेक्षा यांच्या व्याख्या तोंडपाठ असतात, परंतु ओळ समोर आली की त्याला अलंकार ओळखता येत नाही, आणि स्वतःचे उदाहरण लिहायला सांगितले तर जागा कोरी राहते. मुलाची भाषाच कच्ची आहे, असे पालक यावरून ठरवून टाकतात. हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो, म्हणून अमळनेर तालुक्यातील सहावीच्या एका मुलीचा अनुभव, तिची ओळख न देता, येथे मांडते.

तिची आई म्हणाली, "ताई, आम्ही घरात अहिराणीच बोलतो, त्यामुळेच हे झाले असेल. आता घरातही शुद्ध बोलायचे, असे ठरवले आहे." मुलगी मान खाली घालून ऐकत होती. मी तिला व्याख्या विचारली नाही. पाणी आटल्यावर गावची नदी कशी दिसते, एवढेच विचारले. ती चटकन म्हणाली, "नदी निजेल शे," आणि लगेच ओशाळून "झोपली आहे" अशी दुरुस्ती केली. निर्जीव नदीला सजीवासारखी झोप लागणे ही चेतनगुणोक्तीच होय. जो प्रश्न तिने परीक्षेत सोडून दिला होता, त्याचे उत्तर ती घरच्या बोलीत सहज देत होती.

आईला मी अहिराणी बंद न करण्याचा आग्रह केला. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा त्यांनी आपल्या बोलीतच दिली. त्याच उपमेवर आम्ही पहिला सराव केला: संसार हे उपमेय, तवा हे उपमान, आधी चटके सोसावे लागणे हा दोघांतला समान गुण आणि 'जसा' हा साधर्म्यदर्शक शब्द.

मुलीची खरी अडचण मात्र तिच्या वहीत दिसली. 'पाऊस सारखा पडत होता' या वाक्यापुढे तिने 'उपमा' असे लिहिले होते, कारण 'सारखा, जसा, प्रमाणे आले की उपमा' एवढीच खूण तिने पाठ केली होती. येथे 'सारखा' म्हणजे सतत. तुलना कशाचीच नाही. 'माझी वही तुझ्या वहीसारखी आहे' यात तुलना आहे, तरी दोन्ही वस्तू एकाच जातीच्या असल्यामुळे अलंकार होत नाही. म्हणून खुणेचा शब्द शोधण्याआधी कशाला कशासारखे म्हटले आहे आणि ते कोणत्या गुणामुळे, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय मी तिला लावली.

त्यानंतर कापसाचे एकच बोंड घेऊन वाक्ये बदलत नेली. 'बोंड ढगासारखे मऊ आहे' ही उपमा. 'बोंड जणू ढगच' ही उत्प्रेक्षा. 'बोंड म्हणजे ढगच' असे दोघांना एकरूप केले की रूपक. आणि 'वेचणाऱ्या हातांकडे पाहून बोंड हसले' ही चेतनगुणोक्ती. अलंकाराचे नाव प्रत्येक वेळी वाक्य तयार झाल्यावरच सांगितले, कारण आधी नाव ऐकले की मुले पुस्तकातले उदाहरण आठवू लागतात आणि समोरच्या वस्तूकडे पाहणे थांबवतात.

एक सावधगिरी येथे नोंदवणे आवश्यक वाटते. एखादे मूल घरच्या बोलीतही थट्टा, म्हणी किंवा 'डोक्यावर बसला' यासारखे बोलणे अक्षरशः घेत असेल आणि बोलण्या-वागण्यातल्या इतर अडचणीही दिसत असतील, तर केवळ सराव न वाढवता तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. या मुलीच्या बाबतीत तसे काहीच नव्हते.

पुढच्या भेटीत तिने वही दाखवली. केळीचा कोवळा पोंगा तिला गुंडाळलेल्या नकाशासारखा वाटला होता, आणि तिने समान गुणही लिहिला होता. एका वाक्यापुढे मात्र जागा मोकळी होती, कारण ते रूपक की उत्प्रेक्षा, याचा तिला निर्णय करता येत नव्हता. आईला पुन्हा काळजी वाटली. हीच शंका मुलीने वर्गात स्वतः शिक्षकांना विचारावी, घरी कोणी तिचे उत्तर भरून देऊ नये, असे मी आईला सांगितले.